खुरपं कोणत्या हाताचं?

खरेदी या विषयावर मला कोणी चार शब्द सुनावू नयेत, अशी माझी नम्र पण ठाम समजूत होती. सव्वीस वर्षं मी कार्यालयाच्या खरेदी विभागात काढली आहेत. तीन दुकानांत चौकशी केल्याशिवाय मी टाचण्यांची डबीसुद्धा घेतलेली नाही. आमच्याकडे मागणीपत्रावर सुरुवातीलाच तीन प्रश्न छापलेले असतात : माल कोणासाठी, कशासाठी आणि किती? हे प्रश्न मीच घालून घेतले आहेत. त्यांची उत्तरं नसतील तर मी भल्याभल्यांचा कागद परत पाठवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या या कर्तबगारीचा उल्लेख कोणीच केला नाही.

झालं असं, की पडदे काढताना आमची ही स्टुलावरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या सहा आठवड्यांत तिने एका डाव्या हाताने भाज्या चिरल्या, कपडे पिळले, वेणी घातली, माझ्या शर्टाचं बटणसुद्धा लावून दिलं. 'काय जिद्द आहे' असं मी कार्यालयात सगळ्यांना सांगत फिरलो. ही जिद्द आपल्या सहवासामुळे आली असावी, असंही मी एक-दोघांना सुचवलं.

प्लास्टर निघालं आणि खरी पंचाईत सुरू झाली. बोटं ताठ. मूठ वळेना. ही प्राथमिक शाळेत शिकवते. फळ्यावरचं तिचं अक्षर बघायला दुसऱ्या वर्गांतल्या बाई येत. आता खडू धरला की तो दोन शब्दांत खाली पडे. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक पिवळा स्पंजचा चेंडू दिला आणि तो दिवसातून तीनशे वेळा दाबायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो चेंडू मला जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सापडला. टेबल डुगडुगायचं थांबलं होतं, एवढाच त्या चेंडूचा उपयोग झाला.

"हे बघा," डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तीन महिने आपल्या हातात आहेत. तेवढ्यात मूठ वळली तर वळली, नंतर जेवढं आहे तेवढ्यावर भागवावं लागेल. चेंडूचा त्यांना कंटाळा येतोय. त्यांना आवडेल असं हाताचं काही काम द्या."

घरी येऊन मी हिला विचारलं. ही खिडकीबाहेर बघत होती. आमचं घर तळमजल्यावर आहे आणि मागच्या दाराला लागून चार पावलं रुंद, दहा पावलं लांब अशी मातीची एक पट्टी आहे. तिथे आजवर तुटक्या कुंड्या आणि वरच्या मजल्यांवरून पडलेले कपड्यांचे चिमटे एवढंच पीक यायचं.

"मला तिथे घेवडा लावावासा वाटतो," ही म्हणाली. "एक खुरपं आणून द्या, पुरे."

पडल्यापासून तिने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. पण मी खरेदी विभागातला माणूस. मी म्हणालो, "एक खुरपं पुरे असं तुला वाटतं, कारण तू या विषयात पडलेली नाहीस. अवजारांचं माझ्यावर सोड."

तिने सोडलं. इथेच माती खाल्ली म्हणायची.

पहिला सल्ला वरच्या काकांचा. हे आमच्या डोक्यावर राहतात आणि सल्लेही तिथूनच देतात. नोकरीत असताना जमिनी मोजायचे. बागेचा त्यांचा अनुभव म्हणजे बाटलीत लावलेला एक मनीप्लँट, तोही काकू पाणी घालतात म्हणून जगलेला. पण त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि चौदा अवजारांची यादी केली. कुदळ, फावडं, दाताळं, चार दातांचा काटा, लांब दांड्याची कात्री, आखूड दांड्याची कात्री...

"फक्त पहार नको," काका आवाज खाली आणून म्हणाले. "पहार वाईट."

"का बरं?"

"अभ्यास आहे माझा," काका म्हणाले आणि त्यांनी विषय हातमोज्यांवर नेला.

यादी झाली तेव्हा कळलं, की ती पट्टी आमची नाहीच. ती इमारतीची आहे आणि तिथे चमचाभर माती उकरायची तरी सेक्रेटरींकडे अर्ज करावा लागतो. आमचे सेक्रेटरी गृहस्थ सज्जन आहेत, पण त्यांच्या खिशात कायम एक लोखंडी टेप असतो. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तीन वर्षांपूर्वीची हकिगत ऐकवली. कोणीतरी गुपचूप पपई लावायला म्हणून पट्टीत पहार घातली आणि पाण्याचा पाइप फोडला. दोन दिवस अख्खी इमारत बादल्या घेऊन रस्त्यावर. गुन्हेगार सापडला नाही, पहारही सापडली नाही. तेव्हापासून नियम झाला : एका हातापेक्षा खोल खणायचं नाही.

"हात म्हणजे कोणाचा?" मी विचारलं. मला वाटतं, कोणीही विचारलं असतं.

तीन वर्षांत हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता. त्यांनी कमिटीची बैठक बोलावली. बैठकीत सेक्रेटरींचा हात कोपरापासून मधल्या बोटापर्यंत बेचाळीस सेंटिमीटर भरला, वरच्या काकांचा पन्नास. काकांनी आपला हात प्रमाण धरावा म्हणून आग्रह धरला, कारण आयुष्यभर त्यांनीच जमिनी मोजल्या होत्या. एका सभासदाने सगळ्यांच्या हातांची सरासरी काढावी म्हटलं. दीड तासाने ठरलं, की अर्जदाराचा हात धरावा. अर्जदार मी. माझा हात सेहेचाळीस भरला. सेक्रेटरींनी तो आकडा अर्जावर लिहिला, काकांची यादी मागे जोडली, शिक्का मारला, आणि 'अवजारे वापरणाराचे नाव' या रकान्यात मी झोकात माझं नाव लिहून सही ठोकली.

बैठकभर ही मागे दाराशी उभी होती. तिचा हात कोणी मोजला नाही. माझ्याही ते मनात आलं नाही.

मग तीन दुकानं. तिसरा दुकानदार मला सर्वांत समजूतदार वाटला, कारण तो माझ्या प्रत्येक वाक्याला 'बरोबर आहे साहेब' म्हणत होता. मी एकेक दांडा मुठीत धरून पाहिला. वजन तोललं. चार दातांचा काटा हातात कसा बसतो ते पाहायला दुकानातच खणण्याचा एक झटका मारून बघितला. मागच्या फळीवरचे खिळ्यांचे दोन डबे खाली आले. ते वेचताना दुकानदाराने विचारलं, "वापरणार कोण, साहेब?"

"घरचेच," मी गुडघ्यांवर रांगत उत्तर दिलं.

शेवटी लाल पेटीतला आठ अवजारांचा संच घेतला. सगळ्या मुठी माझ्या पंज्यात अगदी घट्ट बसत होत्या. घरी आणून मी तो पलंगावर मांडला आणि हिला हाक मारली.

ती आली. फावडं उचललं, ते तिच्या खांद्याला लागलं. छाटणीची कात्री उजव्या हातात धरली. बोटं मुठीला अर्धीच पोचली आणि कळ आली तशी तिने ती खाली ठेवली. मग उगाच एकदा पेटीच्या झाकणावरून हात फिरवला.

"छान आहेत," ती म्हणाली.

चोवीस वर्षांच्या संसारात मला दोन गोष्टी पक्क्या कळल्या आहेत. हिला वस्तू आवडली तर ती तिच्यात दहा खोडी काढते. 'छान आहे' म्हणाली की ती वस्तू माळ्यावर जाते. संध्याकाळी मी माळ्यावर पाहिलं. लाल पेटी सुटकेसच्या मागे गेली होती.

मला लागलं ते. जाऊ दे, म्हटलं, निदान खणून तरी देऊ. रविवारी सकाळी पेटी खाली उतरवून मी चार दातांचा काटा घेतला आणि पट्टीत उतरलो. वरच्या काकांनी गॅलरीतून सूचना सुरू केल्या. पहिल्या घावात काट्याचा एक दात माझ्याच चपलेतून आरपार गेला. अंगठा थोडक्यात वाचला. दुसऱ्या घावात दोन चिमटे निघाले. कोपऱ्याकडे सरकून तिसरा घाव घातला, तर खाली ठण्णकन आवाज झाला.

"पाइप," गॅलऱ्यांमधून कोणीतरी म्हणालं.

पुढच्या पाच मिनिटांत सेक्रेटरींनी सगळ्या इमारतीचं पाणी बंद केलं. तोंडाला साबण लावलेले दोन सभासद टॉवेल गुंडाळून खाली आले. टेप लावून खोली मोजण्यात आली. बावीस सेंटिमीटर, म्हणजे माझा हात निम्मासुद्धा वापरला गेला नव्हता. माती हातांनी बाजूला केली. पाइप नव्हता. गंजलेली, आडवी पुरलेली, चांगली पाच फुटांची पहार होती.

मी सहज वर पाहिलं. वरचे काका आकाशाकडे बघत होते. आकाशात काही नव्हतं.

"ही कोणाची?" सेक्रेटरींनी विचारलं.

काकांनी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. मागच्या दारातून हीसुद्धा तिकडेच बघत होती. माझ्या डोक्यात काही येण्याआधीच ती म्हणाली, "आमचीच. संचातली आहे. ह्यांनी काल ओल बघायला पुरून ठेवली होती."

पहार पुरून ओल बघणारा नवरा म्हणून माझ्याकडे साबण लावलेल्यांसह सगळ्यांनी पाहिलं. मी मान हलवली. सेक्रेटरींनी खिशातून माझा अर्ज काढून चष्म्याखाली धरला.

"यादीत पहार नाही," ते दुःखाने म्हणाले. त्यांना खरोखर दुःख झालं होतं. परवानगी महिनाअखेरच्या बैठकीपर्यंत स्थगित झाली. लांब दांड्याची सगळी अवजारं बंद. वीतभर हत्यार चालेल, तेवढंच.

संध्याकाळी काकूंनी वाटीभर घेवड्याचं बी आणून दिलं. कुणी पाठवलं ते त्या बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही. ही वाटी मांडीवर घेऊन बसली आणि डाव्या हाताने बिया चाळत राहिली. तीन महिन्यांतले पाच आठवडे संपले होते. उजवा हात तिच्या बाजूला पडून होता, आपला नसल्यासारखा.

"एक खुरपं आणाल का?" तिने पुन्हा विचारलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून सुटल्यावर मी बाजाराच्या टोकाला गेलो. तिथे रस्त्याकडेला एक बाई भाता लावून बसते. नवरा घण मारतो आणि ती पकडीत लोखंड धरून फिरवते. कुठे मारायचं ते तीच ठरवते. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि खरेदी विभागाच्या आवाजात म्हणालो, "मावशी, एक खुरपं हवंय."

"कोणत्या हाताचं?" तिने मान वर न करता विचारलं.

"म्हणजे?"

"उजव्या का डाव्या? पातं मी एका अंगाने घासते, दादा. उलट्या हाताला गेलं की माती कापत नाही, नुसती घसरते. मनगट दुखतं ते वेगळंच. कोण वापरणार?"

"बायको."

"मग ती कोणत्या हाताची?"

"उजव्या," मी म्हणालो. ताबडतोब म्हणालो. हिचं ते फळ्यावरचं अक्षर, ताटातला घास, सगळं उजव्या हाताचं. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

मावशीने आता वर पाहिलं. "बघितलंय का कधी? का आपलं सांगताय?"

आणि मी उभ्या उभ्या विचारात पडलो. कुलपाची किल्ली ती कोणत्या हाताने फिरवते? सुईत दोरा? पातेल्यातला डाव? मला एकेक आठवायला लागलं. काडी ओढते ती डाव्या हाताने. किल्लीही डाव्याच. प्लास्टरमध्ये असताना पहिल्याच दिवशी तिने डाव्या हाताने कांदा इतका बारीक चिरला होता, की मी तो ऑफिसात वर्णन करून सांगितला होता. जिला मी सहा आठवडे जिद्द म्हणत होतो ती सवय होती.

"नक्की बघून या," मावशी म्हणाली. "मी इथंच आहे."

माल कोणासाठी, या पहिल्याच प्रश्नावर माझा कागद परत गेला होता.

घरी येऊन मी पेपर उघडून बसलो आणि त्याच्या वरून स्वयंपाकघराकडे बघत राहिलो. हिने डाव्या हाताने झाकण काढलं. डाव्या हाताने ढवळलं. मग माझी चाहूल लागली तसा डाव उजव्या हातात घेतला, दुखत असताना.

"काय बघताय?"

"तुझा हात."

तिने गॅस बारीक केला. "कोणी सांगितलं?"

"लोहारीणबाईंनी."

मग ती माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने सांगितलं. पहिलीत असताना बाई तिचा डावा हात रुमालाने पाठीमागे बांधून ठेवायच्या. वर्ष गेलं त्यात. मग उजव्या हाताने अक्षर इतकं वळणदार आलं, की त्याच बाईंनी बक्षीस दिलं. घरी, एकटी असताना, सगळं डाव्यानेच. "लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, त्यांच्यासमोर एवढ्यात डावा हात पुढे करू नकोस. सवय झाली की सांगशील कधीतरी. मग ते राहूनच गेलं."

"चोवीस वर्षं?"

"तुम्ही पेपर वाचत असता ना," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, ती नुसती माहिती देत होती. म्हणून तर जास्त लागलं.

मी टीपॉयवरचा पेपर पसरला आणि म्हणालो, "हात ठेव इथे." तिने सवयीने उजवा उचलला, मग मला बघून डावा ठेवला. मी पेन्सिलीने त्याच्या कडेकडेने रेघ काढली. गुदगुल्या होऊन ती हसली आणि करंगळी वाकडी आली. पडल्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. रेघ काढून झाली तरी मी तो हात थोडा वेळ धरून ठेवला. किती लहान होता तो. मी तिच्यासाठी माझ्या पंज्याच्या मुठी घेऊन आलो होतो.

मावशीने तो कागद मांडीवर पसरून आपली वीत त्यावर ठेवून पाहिली. "करंगळी मोडलीय का?"

"हसली ती."

"असू दे," मावशी म्हणाली. मूठ तिने बारीक ठेवली आणि पातं उलट्या अंगाने घासलं. मी हातात घेऊन बघितलं तर ते मला जमेना. इतका आनंद मला खरेदीत क्वचित झाला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही पट्टीत बसली. डाव्या हातातलं खुरपं मातीत सरसर गेलं. मी दारात उभा राहून म्हणालो, "पण व्यायाम उजव्याचा व्हायला हवा ना?" गवताचा एक झुबका तिने खुरप्याने खालून कापला आणि उजवा हात आपोआप पुढे आला, उपटायला. बोटं अर्धी वळली. गवत निसटलं. तिने पुन्हा धरलं. मी आत गेलो, कारण कोणी बघत असलं की तिचे हात बदलतात हे मला आता माहीत होतं.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चालू द्या. चांगला हात कामात रमला, की दुखरा आपण होऊन मदतीला येतो." वरचे काका गॅलरीत येत, पण सल्ला देत नसत. एकदा मात्र खाली येऊन त्यांनी वेल चढवायला दोऱ्या बांधून दिल्या आणि जाताना हिला हळूच म्हणाले, "पपई गोड निघाली असती हो." लाल पेटी माळ्यावरच राहिली. पिवळा चेंडूही टेबलाखाली राहिला.

महिनाअखेर बैठक भरली. घेवडा तोवर वीतभर वर आला होता. सेक्रेटरींनी नवा अर्ज पुढे केला आणि मी पेन काढलं, तेव्हा ही म्हणाली, "अहो, थांबा. अर्ज माझा आहे."

'अवजारे वापरणाराचे नाव' या रकान्यासमोर ती बसली. पेन उजव्या हातात घेतलं, क्षणभर धरून ठेवलं आणि डाव्यात दिलं. चार माणसांसमोर तिने डाव्या हाताने लिहायची ही पहिलीच वेळ. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, एक ओळीच्या वर, एक खाली. तिच्या वर्गातल्या पोरांनी असं लिहिलं असतं तर तिने पाठ थोपटली असती. मी तेच केलं, सगळ्यांदेखत.

सेक्रेटरींनी सही निरखून पाहिली. त्यांनी जुन्या रजिस्टरातली तिची सही काढून शेजारी धरली. "ही जुळत नाही," ते संकोचून म्हणाले. "खरी कोणती धरायची?"

"ती शाळेतली आहे," ही म्हणाली. "ही माझी."

सेक्रेटरींनी थोडा विचार केला आणि 'सही बदलली' असं समासात लिहून शिक्का मारला. मग खिशातून टेप काढला. नियमाप्रमाणे अर्जदाराचा हात मोजायचा होता. "कोणता हात मोजू, वहिनी?"

तिने डावा हात टेबलावर पसरला. सेक्रेटरींनी टेप ओढला. तो स्प्रिंगचा टेप, सोडला की फटकन आत जाणारा. "टोक जरा धरा कोणीतरी," ते म्हणाले. मी हात पुढे केला, पण ते टोक हिने आधीच धरलं होतं, उजव्या हाताने. टेप ओढ घेत होता. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. चारही बोटं पुरती मिटलेली होती आणि अंगठा त्यांच्यावर होता.

"एकोणचाळीस," सेक्रेटरी म्हणाले आणि आकडा लिहून घेऊ लागले. लिहून झालं, शाई वाळली, तरी तिने टेप सोडला नाही.